घरच्या ताटाची नोंद

(ट्रस्टच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालातील आकडे आपल्या हाती आहेतच. त्यांचे पारायण आम्ही येथे करणार नाही. ताळेबंद ही वाचण्याची गोष्ट आहे, ऐकण्याची नव्हे. आजचा वेळ एकाच उपक्रमासाठी द्यावा, अशी विश्वस्त मंडळाची सूचना आहे. आपल्या रुग्णालयाच्या आहार विभागाने रुग्णांच्या घरच्या जेवणाची नोंद ठेवण्यासाठी एक साधे मोबाइल ॲप तयार करवून घेतले, त्याविषयी हे निवेदन आहे. या उपक्रमाची चौकशी अनेकांनी केली. काहींनी कौतुकाने केली. काहींनी, हे रुग्णालयाचे काम आहे काय, अशा शंकेने केली. दुसऱ्या प्रकारच्या चौकशीचे आम्हांस अधिक मोल वाटते, कारण पैसा आपला आहे आणि प्रश्न रास्त आहे.

रुग्ण खाटेवर असतो तोवर त्याच्या पोटात काय गेले याचा हिशेब चोख राहतो. पाणी किती प्याला, सलाइन किती गेले, लघवी किती झाली, हे परिचारिका प्रत्येक पाळीत तक्त्यात भरतात. ताट रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून येते आणि कोणाच्या ताटात मीठ नाही, कोणाच्या ताटात साखर नाही, हे आचाऱ्याला ठाऊक असते. घरी सोडण्याच्या दिवशी बिल चुकते होते, फाइल बंद होते आणि तिच्यासोबत हा तक्ताही बंद होतो. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार मात्र त्या दिवशी बंद होत नाहीत. ते रुग्णाबरोबर घरी जातात. महिन्याने रुग्ण तपासणीस येतो. डॉक्टर विचारतात, पथ्य पाळता ना? रुग्ण सांगतो, होय. या एका होकारावर पुढील महिन्याचे औषध ठरते. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला पावतीवाचून केलेली ही नोंद खटकल्याशिवाय राहत नाही.

येथे कोणी असे म्हणेल की, खेड्यापाड्यांतील माणसे रोजची नोंद कशी ठेवणार? आपले रुग्णालय करवीर तालुक्यात गडमुडशिंगीस आहे. आपल्याकडे येणारा रुग्ण ऊस आणि म्हैस यांवर संसार चालविणाऱ्या घरातून येतो, गांधीनगरच्या बाजारपेठेतील दुकानातून येतो, किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून येतो. यांपैकी ज्याच्या दारात म्हैस आहे, त्याच्या घरी नोंदवहीची परंपरा पक्की आहे. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर जाते; लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, दर किती, याची चिठ्ठी हातात पडते. चिठ्ठ्या खुंटीला अडकवून ठेवल्या जातात आणि दहा दिवसांच्या बिलाशी ताडून पाहिल्या जातात. फॅट उतरले तर पेंड बदलली जाते, वैरण बदलली जाते. घरातल्या म्हशीचे फॅट किती लागते हे शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. त्याच घरात, आईचे हिमोग्लोबिन किती, असे विचारले तर सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आम्ही हे उपहासाने सांगत नाही. खाणे आणि त्याचा परिणाम यांची सांगड घालण्याची बुद्धी या जिल्ह्याला शिकवावी लागत नाही, एवढेच यातून आम्हांस दिसले. ती सांगड माणसाच्या ताटाशी घालावयाची होती.

आतापर्यंत आपण काय करीत होतो? इतर रुग्णालयांप्रमाणेच छापील आहारतक्ता देत होतो. अशा तक्त्यांत ओट्स असतात, सफरचंद असते, सूप असते. आमच्या आहारतज्ज्ञ भगिनींनी तक्ता पुष्कळ मराठी केला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ताक, शेंगदाण्याची चटणी यांना त्यात मानाचे स्थान दिले. तरीही तो कागद अखेर दिनदर्शिकेच्या मागे जातो. आदेश देणारा कागद माणूस जपून ठेवतो, वाचत नाही. नोंद मागणारा कागद मात्र त्याला रोज हातात घ्यावा लागतो. म्हणून काय खावे हे सांगण्याऐवजी काय खाल्ले हे विचारावे, असे ठरले.

विचारणे सोपे आहे. मोजणे कठीण आहे. भारतीय अन्नाच्या मोजमापाचे शास्त्र आपल्या देशात शंभर वर्षांहून जुने आहे. दक्षिणेत कुन्नूर येथे १९१८ मध्ये बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक लहानसा विभाग सुरू झाला; तोच वाढत जाऊन १९५८ मध्ये हैदराबादला गेला आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्या मराठी शास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांनीही कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काही वर्षे संशोधन केले होते. या संस्थेने १९७१ मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचे भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचे पुस्तक काढले आणि २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे नवे कोष्टक प्रसिद्ध केले. आमच्या ॲपचा पाया हेच कोष्टक आहे. जुन्या पुस्तकात १०० ग्रॅम ज्वारीचे ३४९ उष्मांक दिलेले आहेत, नव्यात सुमारे ३३४. म्हणजे आकडा छापील असला तरी तो अखेरचा नसतो. हे आमच्या संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना आरंभीच सांगितले, कारण पडद्यावर आलेल्या आकड्यावर तरुण मंडळींचा विश्वास फार लवकर बसतो.

कोष्टक कच्च्या धान्याचे आहे. माणूस मात्र शिजवलेले खातो, आणि तेही ग्रॅममध्ये खात नाही. आपण एक भाकरी खातो, अर्धी खातो, चतकोर घेतो, नको नको म्हणत नितकोर वाढून घेतो. आमटी वाटीने, भात मुठीने किंवा पळीने, ताक फुलपात्राने, तेल अंदाजाने. भाकरीचे वजन किती धरावे यावर आहार विभागात बरीच चर्चा झाली. शेतावर जाणाऱ्या माणसाची भाकरी वेगळी आणि शहरातल्या फ्लॅटमधली वेगळी. घरोघर वजनकाटा देणे शक्य नव्हते. अखेर ज्या प्रश्नाने कोंडी फुटली, तो आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी सुचविला. त्या म्हणाल्या, ‘‘भाकरी कशाला तोलता? किलोभर पिठात किती हुत्यात, एवढं इचारा.’’ हे उत्तर प्रत्येक घरातील बाईला ठाऊक असते. किलोभर पिठाच्या बारा भाकरी होत असतील, तर एका भाकरीत सुमारे ८३ ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे २७८ उष्मांक आणि ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. सोळा होत असतील तर हिशेब निराळा. ॲप पहिल्या दिवशी हा एक प्रश्न विचारते आणि त्या घराची भाकरी कायमची ओळखून ठेवते.

वाटीचेही असेच. पोषणाच्या पुस्तकांत वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची धरतात. लग्नात आहेर म्हणून आलेल्या वाट्या, दिवाळीच्या भेटीतल्या वाट्या, आजीच्या काळची जड वाटी, या सगळ्या एकाच मांडणीवर नांदत असताना पुस्तकातील वाटी कोणती, हा प्रश्न उरतोच. म्हणून ॲपमध्ये प्रत्येक घराच्या वाटीसाठी एक रकाना ठेवला आहे. वाटीत किती पाणी मावते तेवढे एकदा मोजावे, पुन्हा विचार करावा लागत नाही.

तेल आणि मीठ यांचे माप ताटावरून काढताच येत नाही. तेथे आमचा जुना धंदा उपयोगी पडला. ताटाकडे न पाहता किराणा मालाच्या यादीकडे पाहावे. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम तेल झाले. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शनात २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात तेल-तुपासाठी २७ ग्रॅम धरले आहेत. म्हणजे हे घर फारसे दूर नाही. त्याच घरात महिन्याला एक किलो मीठ संपत असेल, तर माणशी रोज साडेसहा ग्रॅमच्या वर जाते. मर्यादा ५ ग्रॅमची सांगितलेली आहे. आणि यात पापड, लोणचे, दुकानातील फरसाण आणि गाड्यावरची मिसळ धरलेली नाही! रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ असे दहा वेळा सांगण्यापेक्षा, ‘मिठाची पिशवी तीस दिवसांऐवजी चाळीस दिवस पुरवा’ असे एकदा सांगितले की घरातील कर्त्या बाईला काय करावयाचे ते उमगते. ॲपमध्ये महिन्याच्या किराण्याचे पान यासाठीच आहे. आमच्या मते संपूर्ण ॲपमध्ये सर्वांत उपयोगी पान हेच, आणि विद्यार्थ्यांना सर्वांत नीरस वाटलेले पानही हेच.

एका दिवसाच्या नोंदीवरून ॲप कोणताही निष्कर्ष दाखवीत नाही. यामागे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचे ऋण आहे, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे काम त्यांनी दीर्घकाळ सांभाळले आणि नंतर पुण्यास येऊन पोषणाच्या प्रश्नावर काम केले. डॉ. वि. म. दांडेकर आणि डॉ. नीळकंठ रथ यांच्या दारिद्र्यावरील १९७१ च्या अभ्यासात दरडोई रोज २,२५० उष्मांकांचा निकष धरला होता. सुखात्म्यांचे म्हणणे असे की, निरोगी माणसाचे खाणेही रोज सारखे नसते. एकाच माणसाचा आहार एका दिवशी खाली जातो, दुसऱ्या दिवशी वर येतो, आणि शरीर त्याचा मेळ घालत असते. तेव्हा एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून कोणास उपाशी वा सुपोषित ठरवू नये. या वादात कोण बरोबर, हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्यापुरता धडा स्पष्ट होता. जत्रेच्या दिवशी मटणाचे ताट, एकादशीला साबुदाणा, सुगीत शेतावरचे जेवण, पाहुणे आले की पुरणपोळी. कोल्हापुरी माणसाचा कोणता दिवस नेहमीचा मानावा? म्हणून किमान सात दिवसांच्या नोंदी झाल्यावरच आहारतज्ज्ञांच्या पडद्यावर सरासरी येते. रुग्णाच्या पडद्यावर तर उष्मांकाचा आकडा येतच नाही. तेथे फक्त काय खाल्ले, किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले एवढेच दिसते. आकडा पाहून माणूस एक तर घाबरतो किंवा लबाडी करू लागतो.

‘केव्हा’ हा शब्द आम्ही मुद्दाम उच्चारला. विद्यार्थ्यांच्या पहिल्या आराखड्यात न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण असे तीन चौकोन होते. औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराने तो पाहून विचारले की, सकाळी सातला घरी येऊन जेवतो ती न्याहारी की रात्रीचे जेवण? कागदावर असतानाच ते चौकोन काढून टाकले गेले. आता फक्त वेळ नोंदविली जाते. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णासाठी वेळेचे महत्त्व जिवाशी निगडित आहे. सुई टोचून घेतली आणि पाळीच्या गडबडीत जेवण राहिले, तर रक्तातील साखर उतरते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, क्वचित शुद्धही जाते. अशा रुग्णांच्या खात्यात सुईची वेळ भरली की ठरावीक अवधीनंतर ॲप एकच प्रश्न विचारते : जेवलात काय? उत्तर ‘नाही’ आले तर पडद्यावर सूचना येते की, शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून ताबडतोब घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. त्याखाली रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक असतो. डॉक्टरांनी संमती दिलेला आयत्या वेळेचा सल्ला हा एवढाच. बाकी सल्ला देण्याचे काम माणसांकडेच ठेवले आहे.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ काही पदार्थांपुढे तांबडी खूण करून देतात. शहाळे हे त्यांतले पहिले. आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे नेण्याची रीत आहे आणि ती प्रेमाची रीत आहे. परंतु डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तात त्यातील पोटॅशियम साचले तर हृदयाची लय बिघडू शकते. रुग्ण स्वतः हे जाणतो. मात्र दारात आलेल्या मेव्हण्याला नको कसे म्हणावे, ही त्याची अडचण असते. तांबडी खूण दाखविली की नको म्हणण्याचे ओझे फोनवर जाते. ॲपचा हा उपयोग आमच्या कोणाच्याही मनात आला नव्हता. रुग्णांच्या घरच्यांनीच तो शोधून काढला.

आता ज्या एका नोंदीसाठी हा सारा खटाटोप सार्थ झाला असे आम्हांस वाटते, तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो.

रक्तक्षयाच्या उपचारासाठी आलेल्या स्त्रियांना आहारतज्ज्ञ भगिनी काय जेवलात ते विचारीत, तेव्हा उत्तरे मिळत ती घराच्या स्वयंपाकाची मिळत. भाकरी, भाजी, आमटी, भात. म्हणजे घरात काय शिजले ते त्या सांगत. स्वतःच्या वाट्यास काय आले ते सांगत नसत. त्यांना ते दोन वेगळे प्रश्न आहेत असेच वाटत नसे. ॲपची आखणी चालू असताना काही घरांत आधी कागदावर नोंदी घेतल्या. तेथे एका सुनेने दुपारच्या रकान्यात काहीच लिहिले नव्हते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘सगळी जेवल्यावर राहिलेलं खातो मी, त्यात लिहायचं काय?’’

त्यानंतर पदार्थांच्या यादीत आहारतज्ज्ञांनी एक नाव वाढविले : ‘उरलेले’. विद्यार्थ्यांनी हरकत घेतली, आणि त्यांच्या दृष्टीने ती योग्यच होती. उरलेले हा पदार्थ नाही. त्याचे उष्मांक किती, प्रथिने किती, हे कोणत्याही कोष्टकात मिळणार नाही. तरी आम्ही तो शब्द ठेवण्याचा आग्रह धरला. उरलेल्यांत भाकरी सहसा असते, आमटीचे पाणी असते. उसळ, भाजी, अंडे, दही हे आधीच संपलेले असते. ‘उरलेले’ या चौकोनावर बोट ठेवले की पुढे चार चित्रे येतात : भाकरी, भात, पातळ कालवण, घट्ट भाजी-उसळ. जे उरले असेल त्याला स्पर्श करावयाचा. आठवड्याच्या शेवटी, घरात उसळ किती वेळा शिजली आणि या बाईच्या वाट्यास किती वेळा आली, ते दोन आकडे शेजारी शेजारी उभे राहतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा आकडा सभांतून पुष्कळदा वाचला जातो आणि लोक मान हलवितात. आमच्या एका रुग्ण भगिनीच्या घरी मात्र त्यांच्या सासूबाईंनी फोनवरचे ते दोन आकडे नातवाकडून वाचवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून उसळीची एक वाटी आधीच काढून झाकून ठेवू लागल्या. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. वाटीने गोळीची जागा घेतली असा दावा आम्ही करणार नाही. जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो, हेही त्याच नोंदींवरून त्या घराला समजावून देता आले, कारण चहाची वेळ तेथे लिहिलेली होती. या घरात बाईंना कोणी उपाशी ठेवीत नव्हते, कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. पंगतीचा क्रम तसा होता आणि त्याकडे कोणी पाहिलेले नव्हते.

काही विश्वस्तांनी विचारले की, असे ॲप आधीच उपलब्ध असताना आपण निराळे का करावे? उपलब्ध आहेत हे खरे. राष्ट्रीय पोषण संस्थेनेच २०१९ मध्ये आपले ॲप प्रसिद्ध केले, आणि ज्यांना स्वतःच्या आहाराचा बारकाईने अभ्यास करावयाचा आहे त्यांनी ते अवश्य पाहावे. आमची गरज फार लहान होती : रुग्णाने चार बोटांत नोंद करावी आणि ती त्याच्याच आहारतज्ज्ञांच्या टेबलावर यावी. मोठ्या प्रमाणावर काम करताना काय होते, याचा पाठ महाराष्ट्राने पाहिलेला आहे. केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप मार्च २०२१ मध्ये आले. अंगणवाडीतील बालकांची वजने, उंची, आहारवाटप यांची नोंद त्यात करावयाची. त्याच वर्षी राज्यातील अंगणवाडी सेविकांनी मिळालेले फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. फोनची क्षमता अपुरी आहे आणि ॲपमध्ये इंग्रजीतून माहिती भरावी लागते, या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. पुढे ते ॲप मराठीसह अनेक भाषांत आले. त्या उपक्रमाचा पसारा आमच्या कल्पनेच्याही पलीकडचा आहे, तेव्हा तुलना करणे योग्य नाही. परंतु नोंद करणाऱ्या हाताला ती नोंद परकी वाटली तर काय होते, हे त्या सेविकांनी सर्वांना दाखवून दिले.

म्हणून आपले ॲप आरंभापासून मराठीत आहे, आणि तेही येथील मराठीत. त्यात खर्डा आहे, तांबडा रस्सा आहे, पांढरा रस्सा आहे, आंबील आहे, दूध-भाकरी आहे. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रे आहेत. इंटरनेट नसले तरी नोंद फोनमध्ये साठते आणि जोडणी मिळाली की रुग्णालयाकडे येते. एका फोनवर घरातील अनेकांची खाती उघडता येतात, कारण पुष्कळ घरांत फोन एक आणि रुग्ण दोन असतात. ज्यांच्याकडे असा फोनच नाही, त्यांना त्याच चित्रांचा छापील कागद मिळतो. त्यावर पेन्सिलीने खुणा करून आणल्या की आहार विभागात त्या संगणकावर चढविल्या जातात. कागदावरच्या रुग्णाला कमी लेखू नये, अशी आमची कर्मचाऱ्यांना स्पष्ट सूचना आहे.

खर्चाविषयी बोलणे प्राप्त आहे. ॲप बांधण्याचे काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून केले, त्यामुळे तो खर्च वाचला. गूगलच्या ॲप-दुकानात नोंदणीचे शुल्क एकदाच २५ डॉलर आहे. ॲपलच्या दुकानात दरवर्षी ९९ डॉलर पडतात. आपल्या रुग्णांकडे बहुतांशी अँड्रॉइड फोन असल्याने पहिल्यावरच थांबलो. देणगीदारांनी एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. इमारत एकदा बांधली की दहा वर्षे रंगाशिवाय उभी राहते. ॲपचे तसे नाही. फोनची प्रणाली दरसाल बदलते आणि त्याप्रमाणे ॲप सुधारले नाही तर ते दुकानातून मागे पडते. म्हणजे हा भांडवली खर्च दिसत असला तरी प्रत्यक्षात महसुली खर्च आहे. तो अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला आहे आणि पुढेही दाखविला जाईल. यासाठी एकही खाट कमी केलेली नाही.

माहितीच्या गोपनीयतेविषयी दोन शब्द. घरात काय शिजते, कोण जेवते, कोण उपाशी राहते, ही माहिती रक्ताच्या अहवालाइतकीच खाजगी आहे. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे बंधन तर आपणांवर आहेच, पण कायदा नसता तरी विश्वस्त या शब्दाचा अर्थ आपणांस बांधून ठेवीत होता. रुग्णाची लेखी संमती असल्यावाचून खाते उघडले जात नाही. नोंदी केवळ उपचार करणारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ पाहतात. एका खाद्यपदार्थाच्या व्यापाऱ्यांकडून, लोक काय खातात याची एकत्रित माहिती मिळेल काय, अशी विचारणा झाली होती. देणगीची तयारीही त्यांनी दाखविली होती. विश्वस्त मंडळाने ती विचारणा एकमताने नाकारली, याची नोंद इतिवृत्तात आहे.

उपवासाचे पदार्थ अद्याप पूर्ण बसलेले नाहीत. वरीचे तांदूळ, साबुदाण्याची खिचडी, रताळे, शेंगदाण्याचा लाडू हे आले. परंतु निर्जळी उपवास, एकभुक्त, नवरात्रात केवळ दूध घेणारे रुग्ण, यांच्या औषधाच्या वेळा कशा बदलाव्यात यावर डॉक्टरांचे एकमत होत आहे आणि ते झाल्यावर नवरात्रापूर्वी ते पान उघडले जाईल. बालकांच्या वरच्या आहाराचे पान त्यानंतर हाती घेऊ.

शेवटी दोन विनंत्या. देणगीदारांपैकी ज्यांनी नवा फोन घेतला असेल, त्यांनी जुना चालू स्थितीतील फोन त्यातील माहिती पुसून कार्यालयात जमा करावा. तो पावती देऊन स्वीकारला जाईल आणि फोन नसलेल्या रुग्ण-कुटुंबास वापरासाठी दिला जाईल. रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती अशी की, पुढील तपासणीस येताना घरातील रोजच्या जेवणातील एक वाटी सोबत आणावी. आहारतज्ज्ञांच्या टेबलावर मोजपात्र ठेवलेले आहे. वाटीत किती मावते ते मोजून आपल्या खात्यात भरून दिले जाईल आणि वाटी लगेच परत मिळेल. यासाठी शुल्क नाही, आणि वेगळी रांगही लावावी लागणार नाही.